फाशांचा हिशेब मांडणारा डॉक्टर

दहावीच्या गणितात संभाव्यतेचं प्रकरण आलं की वहीत फासे येतात, नाणी येतात, पत्त्यांचा कॅट येतो. एरवी अभ्यासाच्या टेबलावर पत्ते दिसले की ओरडणारे आईवडील त्या आठवड्यात गप्प असतात. जुगाराचं हे सगळं साहित्य गणिताच्या पुस्तकात शिरलं कसं, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. फाशांचा हिशेब पहिल्यांदा सविस्तर लिहून काढणारा हा माणूस पेशाने डॉक्टर होता, गणितात नावाजलेला होता आणि पक्का जुगारी होता. त्याचं नाव जिरोलामो कार्दानो.

कार्दानोचा जन्म 24 सप्टेंबर 1501 रोजी इटलीतल्या पाविया या गावी झाला. वडील फात्सिओ मिलानमधले वकील आणि गणिताचे जाणकार. लिओनार्दो दा विंचीशी त्यांचा परिचय होता. आई किआरा विधवा होती, आणि जिरोलामो जन्मला तेव्हा या दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. मिलानमध्ये प्लेगची साथ होती म्हणून गरोदर किआराला पावियाला पाठवलं. तिची आधीची तीन मुलं त्या साथीत दगावली. हे मूल होऊ नये म्हणून आईने औषधं घेतली होती, ती लागू पडली नाहीत, असं कार्दानोनेच पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. थोडक्यात, हा मुलगा जगला हाच एक योगायोग होता.

वडिलांची इच्छा त्याने वकील व्हावं अशी होती. त्याने वैद्यक निवडलं. पावियात आणि मग पादुआत शिक्षण झालं. 1524 मध्ये वडील वारले, हाती आलेला थोडा पैसा लवकरच संपला आणि कार्दानो फाशांकडे, पत्त्यांकडे, बुद्धिबळाकडे वळला. त्या काळात बुद्धिबळही पैसे लावून खेळत. डोकं तल्लख असल्यामुळे तो बऱ्याचदा जिंकायचा आणि त्यावर गुजराण व्हायची. पण व्यसन म्हणतात ते असं की पोट भरलं तरी सुटत नाही. बुद्धिबळ सुमारे 40 वर्षं आणि फासे सुमारे 25 वर्षं खेळत राहिल्याची कबुली त्याने उतारवयात दिली आहे. व्हेनिसमध्ये एकदा समोरचा माणूस खुणा केलेल्या पत्त्यांनी आपल्याला लुबाडतो आहे हे लक्षात आल्यावर त्याने खंजीर काढून त्याच्या तोंडावर वार केला आणि पैसे घेऊन पळ काढला.

डॉक्टर झाल्यावर मिलानच्या वैद्य मंडळात नाव नोंदवायला गेला, तर अनौरस म्हणून त्याला दाराबाहेर ठेवलं. मंडळाच्या परवानगीशिवाय शहरात प्रॅक्टिस करता येत नव्हती. मग पादुआजवळच्या साक्को या लहान गावात त्याने दवाखाना थाटला. 1531 मध्ये तिथेच लुचिया या मुलीशी लग्न केलं. गावात रोगी थोडे आणि पैसा त्याहून थोडा. पुढे गाल्लाराते या गावी जाऊन पाहिलं, तिथेही जम बसेना. जुगारात बायकोचे दागिने गेले, घरातलं सामानसुमान गेलं. शेवटी बायको आणि तान्हं मूल घेऊन मिलानच्या अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात राहायची पाळी आली.

तिथून त्याला वर काढलं गणिताने. वडील जिथे व्याख्यानं द्यायचे त्याच संस्थेत 1534 च्या सुमारास त्याला गणित शिकवायचं काम मिळालं. उरलेल्या वेळात तो रोगी तपासायचा. त्याच्या हाताला गुण आहे अशी ख्याती पसरली, प्रतिष्ठित घराण्यांतून बोलावणी येऊ लागली आणि अखेर 1539 मध्ये वैद्य मंडळाने त्याला आत घेतलं. त्याच वर्षी तार्ताल्या या गणितज्ञाने गुप्ततेची शपथ घालून त्याला त्रिघाती समीकरण सोडवण्याची युक्ती सांगितली. तीच युक्ती देल फेर्रो या दुसऱ्या गणितज्ञाने आधीच शोधली होती, हे कळल्यावर कार्दानोने दोघांनाही श्रेय देऊन 1545 मध्ये ती छापून टाकली. तार्ताल्याने त्याला कधी माफ केलं नाही. ते 'आर्स माग्ना' हे पुस्तक आजही बीजगणिताच्या इतिहासातला मैलाचा दगड मानलं जातं.

डॉक्टर म्हणून त्याच्या आयुष्यातला मोठा प्रसंग 1552 मधला. स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन कित्येक वर्षं दम्याने हैराण होते. त्यांनी कार्दानोला थेट मिलानहून बोलावून घेतलं. तिथे पोचल्यावर औषधांची घाई न करता कार्दानो बरेच दिवस नुसता पाहत राहिला. रोगी काय खातो, कधी झोपतो, कशावर झोपतो, धाप केव्हा लागते. मग त्याने आहार बदलला, झोपेची आणि व्यायामाची वेळ ठरवून दिली आणि पिसांची गादी-उशी काढून टाकायला लावली. आर्चबिशपना उतार पडला आणि ते पुढे जवळजवळ 20 वर्षं जगले. कार्दानोची कारणमीमांसा त्या काळाप्रमाणे शरीरातल्या उष्ण-थंड दोषांची होती, अॅलर्जी हा शब्दही तेव्हा नव्हता. पण निरीक्षण खरं होतं. पिसांच्या अंथरुणामुळे काही दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, हे आज आम्ही सगळेच जाणतो.

परतीच्या वाटेवर तो लंडनला थांबला. तिथे सहावा एडवर्ड हा किशोरवयीन राजा गादीवर होता. कार्दानो ज्योतिषीही होता. त्याने राजाची कुंडली मांडली आणि तो पन्नाशी ओलांडेल असं भाकीत केलं. जुलै 1553 मध्ये एडवर्ड वयाच्या 15 व्या वर्षी वारला. कार्दानोने मग गणित कुठे चुकलं याचं लांबलचक स्पष्टीकरण प्रसिद्ध केलं: पुरेसा वेळ दिला नाही, सगळं तपासलं नाही. ज्योतिषावरचा त्याचा विश्वास काही ढळला नाही.

पुढचं आयुष्य दुःखाचं होतं. त्याचा थोरला मुलगा जोव्हान्नी बात्तिस्ता बापासारखाच डॉक्टर झाला होता. त्याने आपल्या बायकोला विष घालून मारलं आणि 1560 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याला वाचवण्यासाठी बापाने जिवाचं रान केलं, उपयोग झाला नाही. धाकटा मुलगा आल्दो जुगारी निघाला आणि बापाच्याच घरात चोरी करू लागला. मिलान सोडून कार्दानो बोलोन्याच्या विद्यापीठात शिकवायला गेला, तर 1570 मध्ये धर्मन्यायालयाने पाखंडाच्या आरोपावरून त्याला कैद केलं. काही महिन्यांनी सुटका झाली, पण शिकवण्यावर आणि छापण्यावर बंदी आली. अखेरची वर्षं त्याने रोममध्ये काढली. तिथे पोपकडून त्याला निवृत्तिवेतन मिळत होतं. तिथेच त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि सप्टेंबर 1576 मध्ये तो वारला.

त्याच्या मागे हस्तलिखितांचा ढीग राहिला. त्यात जुगारावरचं एक लहानसं लॅटिन पुस्तक होतं. ते छापून आलं 1663 मध्ये, त्याच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात. तोपर्यंत फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा यांनी 1654 मध्ये पत्रव्यवहारातून संभाव्यतेचा पाया घातला होता आणि श्रेयही त्यांच्याकडे गेलं होतं. पण त्यांच्या कितीतरी आधी या जुगारी डॉक्टरने बरंच काही शोधून ठेवलं होतं.

पुस्तक गमतीशीर आहे. त्यात लबाडी कशी ओळखावी हे आहे, कोणाबरोबर खेळू नये हे आहे. जुगार हा माणसाला जडलेला बरा न होणारा रोग आहे आणि म्हणून त्याचा विचार डॉक्टरने करायला हवा, अशी त्याची भूमिका आहे. मुळीच न खेळण्यात सगळ्यात जास्त फायदा आहे, हेही तो सांगतो. मधली काही पानं मात्र निव्वळ गणित आहेत.

एक फासा टाकला तर सहा बाजूंपैकी कोणतीही एक वर येते. दोन फासे टाकले तर किती प्रकार होतात? इथे नवशिके विद्यार्थी हमखास घसरतात. बेरीज 2 पासून 12 पर्यंत येऊ शकते, म्हणजे 11 प्रकार, म्हणून प्रत्येक बेरजेची शक्यता 11 पैकी 1, असं त्यांना वाटतं. कार्दानोने शांतपणे मोजलं. दोन्ही फाशांवर सारखाच अंक येण्याचे प्रकार 6. वेगवेगळे अंक येण्याच्या जोड्या 15, पण प्रत्येक जोडी दोन तऱ्हांनी येते, कारण पहिल्यावर 3 आणि दुसऱ्यावर 4 हे एक, आणि पहिल्यावर 4 आणि दुसऱ्यावर 3 हे दुसरं. म्हणजे 30. एकूण 36. या 36 मध्ये बेरीज 2 फक्त एकदा येते आणि बेरीज 7 सहा वेळा. म्हणून 7 येण्याची शक्यता 2 येण्याच्या सहापट. आपल्या पाठ्यपुस्तकात ज्याला नमुना अवकाश म्हणतात, ती सगळ्या निष्पत्तींची यादी म्हणजे कार्दानोचे हे 36.

ही यादी कामाची कधी, तर प्रत्येक निष्पत्ती समसंभाव्य असेल तेव्हाच. म्हणून फासा, तो हलवायचं पात्र, जागा, पैसा, खेळणारे आणि बघणारे, सगळ्यांच्या बाबतीत समान परिस्थिती हवी, असं तो सांगतो. एका बाजूला जड केलेल्या फाशावर हे गणित चालत नाही.

इतकं नीट मोजणारा हा माणूस एका ठिकाणी चुकला, आणि ती चूक फार शिकवणारी आहे. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता 6 पैकी 1. मग तीन वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची शक्यता किती? 6 च्या निम्मे 3, म्हणजे निम्मी शक्यता, असं त्याने लिहिलं. लुडो खेळणाऱ्या कोणालाही हे पटेल. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, आणि तीन वेळा टाकूनही सहा पडला नाही की आपलं नशीबच वाईट असं वाटतं.

आता मोजून पाहू. फासा तीन वेळा टाकला तर एकूण निष्पत्ती 6 × 6 × 6 म्हणजे 216. एकदाही सहा न पडण्याच्या निष्पत्ती 5 × 5 × 5 म्हणजे 125. उरल्या 91. म्हणजे 216 पैकी 91, सुमारे 42 टक्के. निम्म्यापेक्षा कमी. चौथ्यांदा टाकल्यावर ही शक्यता जेमतेम 52 टक्क्यांच्या जवळ पोचते. मौज अशी, की 216 पैकी 91 हा आकडा कार्दानोच्याच पुस्तकात थोडं पुढे आहे. तिथे तो तीन फासे एकदम टाकण्याचा विचार करत होता. एक फासा तीनदा टाकणं आणि तीन फासे एकदा टाकणं यात गणिताच्या दृष्टीने काही फरक नाही. पण आधीचं विधान त्याने खोडलं नाही. पुस्तकात चूक आणि तिची दुरुस्ती अशी शेजारी शेजारी नांदतात. लागोपाठच्या खेळांसाठी शक्यतांचा गुणाकार करायचा, हा नियमही त्याला असाच, आधी चुकत आणि मग सुधारत, सापडला.

हे सगळं आरोग्याच्या सदरात सांगायचं कारण, हीच चूक सरकारी रुग्णालयात आम्हाला वारंवार दिसते, आणि तिथे सोंगटीपेक्षा बरंच काही पणाला लागलेलं असतं. विदर्भात आणि राज्याच्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. नवरा आणि बायको दोघंही वाहक असतील तर होणाऱ्या मुलाला हा आजार असण्याची शक्यता 4 पैकी 1, असं आम्ही सांगतो. ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ होतो, चार मुलांत एक आजारी. पहिलं मूल आजारी निघालं तर आता पुढची तीन चांगली, असं समजून जोडपी निर्धास्त होतात. पहिली दोन निरोगी निघाली तर तिसऱ्याची उगाच धास्ती घेतात, किंवा आपल्या घरात हा दोष नाहीच असं मानून तपासणीच टाळतात.

याचं गणित दोन नाण्यांचं आहे. वाहक आईकडे त्या जनुकाची एक चांगली प्रत असते आणि एक सदोष. वडिलांकडेही तसंच. प्रत्येक मुलाच्या वेळी दोघंही आपापलं नाणं उडवतात. निष्पत्ती चार: दोन्ही चांगल्या, आईची चांगली, वडिलांची सदोष, आईची सदोष, वडिलांची चांगली, दोन्ही सदोष. पहिल्यात मूल पूर्ण निरोगी, मधल्या दोन्हींत ते आईवडिलांसारखं वाहक, शेवटच्यात आजारी. इथेही मधल्या दोन निष्पत्ती वेगवेगळ्या मोजायच्या असतात, कार्दानोच्या 3-4 आणि 4-3 प्रमाणे.

दुसऱ्या मुलाच्या वेळी नाणी पुन्हा नव्याने उडतात. पहिल्या वेळी काय पडलं हे नाण्याला आठवत नाही. म्हणून शक्यता पुन्हा 4 पैकी 1, आणि तिसऱ्या वेळीही तेवढीच. दोन मुलं होणार असतील तर निदान एक आजारी असण्याची शक्यता किती? कार्दानोच्या पहिल्या हिशेबाने 4 च्या निम्मे 2, म्हणजे निम्मी. खरा हिशेब असा: दोन्ही आजारमुक्त असण्याची शक्यता 3/4 × 3/4 म्हणजे 16 पैकी 9, म्हणून निदान एक आजारी असण्याची 16 पैकी 7. चार मुलं असलेली अशी 100 जोडपी घेतली, तर सरासरी 32 घरांत एकही मूल आजारी नसेल, 42 घरांत एक असेल आणि उरलेल्या 26 घरांत दोन किंवा त्याहून जास्त. चारांत एक हे 100 पैकी निम्म्या घरांतही जुळत नाही.

आपल्या घरी काय होईल, हे यातून कळत नाही. एडवर्डच्या कुंडलीकडून कार्दानोची हीच अपेक्षा होती, एका माणसाबद्दलचं नक्की उत्तर. आमच्याकडे येणारी जोडपीही तेच मागतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आम्ही त्यांना शक्यता सांगू शकतो आणि ती हाताळायचे मार्ग सांगू शकतो. लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सरकारी केंद्रांवर ही तपासणी होते. दोघंही वाहक असतील तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी लवकर नाव नोंदवायला हवं, आणि तपासणी प्रत्येक गरोदरपणात नव्याने करायला हवी, आधीची मुलं कशीही असली तरी.

शाळेत शिकवताना सूत्राची घाई करू नये, असं मला वाटतं. मुलांच्या हातात लुडोचा फासा द्यावा. प्रत्येकाने तीन-तीन वेळा टाकायचा आणि एकदा तरी सहा पडला का ते फळ्यावर नोंदवायचं. टाकण्याआधी अंदाज विचारावा. बहुतेक मुलं निम्म्या वेळा म्हणतील. सगळ्या वर्गाच्या मिळून दोन-तीनशे नोंदी झाल्या की आकडा 42 टक्क्यांच्या आसपास घुटमळू लागेल, आणि मग 216 आणि 125 का मोजायचे हे त्यांना सांगावं लागणार नाही, ती स्वतःच विचारतील. त्यानंतर दोन नाणी द्यावीत, एक आईचं आणि एक वडिलांचं, आणि चार भावंडांचं कुटुंब तयार करायला सांगावं. या वर्गातली काही मुलं आणखी दहा वर्षांनी लग्नाआधीच्या रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन आमच्यासमोर बसलेली असतील. 4 पैकी 1 म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकावं लागू नये.